पडदा आपला, मग बटण कोणाच्या हातात?



गेल्या जयंतीला आमच्या वस्तीत पहिल्यांदाच एलईडी वॉल लावली. वर्गणीचा मोठा वाटा तिच्यावरच गेला. ठेकेदाराने वॉलसोबत लॅपटॉप आणि ऑपरेटरही पाठवला होता. मंचावर शाहीर महाडचा सत्याग्रह गात होते आणि मागे वस्तीतल्या मुलांनी काढलेली चवदार तळ्याची चित्रे दिसायची होती. ती दिसलीच नाहीत. दिसला तो सोनेरी अक्षरांतला 'शुभविवाह' आणि गुलाबाच्या पाकळ्या! ऑपरेटरच्या आदल्या दिवशीच्या लग्नातला व्हिडिओ. त्याने घाईघाईने तो काढला, तर पडद्यावर सॉफ्टवेअरचे डेमो-चिन्ह आडवे आले. विनापरवाना चालवले की उमटते ते. लोक हसले. पंधरा रात्री जागून चित्रे काढणारी मुले मात्र हसली नाहीत.

त्या ऑपरेटरवर माझा राग नाही. कार्यक्रम काय आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही त्याला तासभर आधी भेटलो. चूक आमची होती, कारण पडदा आम्ही भाड्याने घेतला आणि त्यावर काय दिसेल हे ठरवण्याचा अधिकारही त्याच भाड्यात देऊन टाकला.

पुढच्या बैठकीत चर्चा निघाली ती एवढीच, की सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे? एक कार्यकर्ता म्हणाला, "रेझोल्यूम घेऊ, मोठ्या कॉन्सर्टमध्ये तेच असते." दुसरा म्हणाला, "माझ्याकडे पेनड्राइव्हवर क्रॅक आहे." मी दोघांनाही विरोध केला. का केला, ते इथे सविस्तर मांडतो.

आधी बाजारात काय आहे ते पाहू. रेझोल्यूममध्ये क्लिपांची जाळी असते. थरावर थर चढवता येतात आणि संगीताच्या लयीवर दृश्ये बदलता येतात. त्याच्या अरिना आवृत्तीत दोन प्रोजेक्टरची चित्रे एकमेकांत मिसळण्याची आणि भिंतीच्या आकारानुसार चित्र बसवण्याची सोयही आहे. काम दमदार आहे, पण किंमत शेकडो युरोंत. क्यूलॅब हे नाटकवाल्यांचे आवडते. प्रसंगांची यादी लावायची आणि एकेक बटण दाबत पुढे जायचे. जलशाला हा साचा अगदी चपखल बसतो, पण ते फक्त मॅकवर चालते. व्हीडीएमएक्सचेही तेच. आपल्या वस्तीत मॅक किती जणांकडे आहे? टचडिझायनर बिगर-व्यावसायिक वापरासाठी फुकट मिळते, चित्राची मर्यादा १२८० × १२८०. पण त्यात दृश्ये उभी करण्याची यंत्रणा आपणच घडवायची असते आणि ते शिकण्यात महिने जातात.

आता आपली गरज काय आहे? फोटो आणि व्हिडिओ ठरलेल्या क्रमाने दाखवणे. संविधानाची उद्देशिका मोठ्या, स्वच्छ अक्षरांत दाखवणे. मागे बसलेल्या आजीला शाहिराचा चेहरा दिसावा म्हणून कॅमेरा जोडणे. आणि हवे तेव्हा पडदा काळा करणे. एवढेच ना? हे सगळे ओबीएस स्टुडिओ करते. २०१२ पासून उपलब्ध असलेले हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. कार्यक्रमाच्या वेळी इंटरनेट नसले तरी अडत नाही. प्रत्येक प्रसंगाचा एक 'सीन' बनवा, प्रत्येक सीनला कीबोर्डचे एक बटण द्या. 'स्टुडिओ मोड' चालू केला की पुढचे दृश्य आधी आपल्याला दिसते, मगच लोकांना. लॅपटॉपचा डिस्प्ले 'डुप्लिकेट' नव्हे, 'एक्सटेंड' ठेवा आणि 'फुलस्क्रीन प्रोजेक्टर'ने फक्त कार्यक्रम वॉलवर पाठवा. मग फाइल शोधण्याची धांदल आणि व्हॉट्सअॅपचे निरोप गावाला दिसणार नाहीत.

ओबीएसला सगळे जमते असे मी म्हणत नाही. विहाराच्या कमानीवर, खांबांवर, तिरप्या भिंतीवर चित्र नेमके बसवायचे असेल तर ते अपुरे पडते. तिथे व्हीपीटी हे एका नॉर्वेजियन कलावंताने बनवलेले मोफत साधन आधी वापरून पाहा. एखादे गायन पथक महिन्यातून दहा कार्यक्रम करत असेल, ढोलकीच्या लयीवर दृश्ये खेळवत असेल आणि त्यावर त्याची चूल पेटत असेल, तर त्याने रेझोल्यूम जरूर घ्यावे. पण विकत घ्यावे.

इथेच क्रॅकचा मुद्दा येतो. "आपण गरीब, कंपन्या श्रीमंत, मग चोरी कसली?" हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. पण फुकटात रीतसर मिळणारे साधन आपले काम करत असताना क्रॅक वापरणे ही गरिबी नव्हे, मोठ्या मंचाची नक्कल आहे. क्रॅक टाकायला अँटीव्हायरस बंद करावा लागतो, अपडेट घेता येत नाही आणि ऐन वेळी काय उमटेल याची खात्री नसते. शिवाय जे लपवून वापरायचे त्याचे उघड शिबिर कसे घेणार?

'फोर-के' हवे, भारी लॅपटॉप हवा, असेही सांगितले जाते. हिशेब करू. भाड्याच्या वॉलमध्ये पी ३.९१ प्रकारचे पॅनेल सर्रास दिसते. ५०० मिलिमीटरच्या चौरस पॅनेलमध्ये १२८ × १२८ ठिपके. म्हणजे ४ मीटर रुंद आणि २ मीटर उंच वॉलवर एकूण १०२४ × ५१२ ठिपके! तिथे फोर-के व्हिडिओ चालवून लॅपटॉपचा घाम काढण्यात काय अर्थ? ठेकेदाराला आधी वॉलचे ठिपके विचारा, त्याच मापात चित्रे बनवा, व्हिडिओ हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून छोटे करा. साधा लॅपटॉपही काम निभावून नेतो.

आणखी एक गोष्ट, जी या सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत कधी सापडणार नाही: आपली लिपी. अनेक व्हिडिओ सॉफ्टवेअरांत देवनागरी जोडाक्षरे तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. डीटीपीच्या जुन्या फाँटातला मजकूर तर दुसऱ्या यंत्रावर निव्वळ कचरा दिसतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, लिब्रेऑफिसमध्ये मांडा, चित्र म्हणून साठवा आणि ते चित्र पडद्यावर न्या. 'स्वातंत्र्य' हा शब्द आपल्याच मंचावर मोडका दिसावा, ही किरकोळ चूक नाही.

काही ज्येष्ठ विचारतील, प्रबोधन सोडून हा झगमगाट कशाला? त्यांच्या शंकेत तथ्य आहे. पडदा शाहिराला गिळत असेल तर तो बंदच करावा. म्हणूनच मी मुलांना पहिला सीन काळा बनवायला सांगतो. पण जलशांनी ढोलकी, डफ, तुणतुणे, जे हाताशी होते ते वापरून विचार घरोघर नेला. आज हाताशी पडदा आहे. तो आपण वापरला नाही तर रिकामा राहणार नाही, त्यावर दुसऱ्याचे चित्र येईल. आमच्याकडे आलेच होते.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. पुढे त्यांनी नुसती वृत्तपत्रे काढली नाहीत, स्वतःचा छापखानाही उभारला. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला विचार किती दिवस चालणार, हा प्रश्न त्यामागे होता. आपल्या पडद्यापुढेही तोच प्रश्न आहे.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक मंडळाने दोन मुले निवडावीत, त्यात एक तरी मुलगी असावी. विहारात तीन रविवार ओबीएस शिकवावे. प्रसंगांची यादी कागदावर लिहावी, एक प्रत शाहिराकडे, एक ऑपरेटरकडे. सगळ्या फाइलींची नक्कल दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवावी. आदल्या रात्री खऱ्या वॉलवर तालीम करावी आणि शेवटच्या रांगेत उभे राहून अक्षरे वाचून पाहावीत. पुढच्या वर्षी याच दोघांनी आणखी दोघांना शिकवावे.

आपल्या मुलीच्या हातून पहिल्या वर्षी चूक होईलच. होऊ द्या. पुढच्या वर्षी तीच ती सुधारेल आणि धाकट्यांना दाखवेल. भाड्याच्या ऑपरेटरची चूक मात्र दरवर्षी नवी असते आणि तिच्यातून वस्ती काहीच शिकत नाही.

जयभीम!