रंग बदलणारा सरडा घरी आणण्याआधी

जागा कमी, सोसायटीत कुत्र्यांवरून वाद आणि घरातली माणसे दिवसभर लोकलमध्ये किंवा ऑफिसात. अशा वेळी ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये वीतभर लांबीचा, आवाज न करणारा, रंग बदलणारा सरडा हा सोपा पाळीव प्राणी वाटतो. प्रत्यक्षात तो फार नाजूक आहे.

पहिला प्रश्न पिंजऱ्याचा नाही, कायद्याचा आहे. आपल्याकडचा घोयरा सरडा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे किंवा घरात ठेवणे हा गुन्हा आहे. येमेन आणि सौदी अरेबियातल्या व्हेल्ड शॅमेलिऑनसारख्या परदेशी जाती 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंद 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. विक्रेत्याकडे कागदपत्रे नसतील तर व्यवहार तिथेच थांबवावा.

कागदपत्रे असली तरी माशांची जुनी काचेची टाकी त्याचे घर होत नाही. हा झाडावर राहणारा प्राणी. त्याला उंच, जाळीचा, हवा खेळणारा पिंजरा लागतो. वाढ झालेल्या व्हेल्ड नरासाठी साधारण दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच. एका पिंजऱ्यात एकच सरडा ठेवावा. आत फांद्या आणि लपायला दाट पाने हवीत. वाटीतले साचलेले पाणी तो सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून रोज पाणी फवारावे आणि मधल्या वेळेत पाने सुकू द्यावीत. खिडकीची काच उन्हातले यूव्हीबी किरण अडवते. हे किरण मिळाले नाहीत तर शरीरात 'ड' जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे मऊ पडून वाकतात. त्यासाठी यूव्हीबी दिवा लागतो. तो जाळीच्या बाहेर बसवावा, म्हणजे चटका बसत नाही.

इथल्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. पावसाळ्यात खिडक्या बंद राहिल्या, की दमट, कोंदट हवेत बुरशी आणि श्वसनाचे आजार वाढतात. एप्रिल-मेच्या उन्हात गॅलरीतला सावली नसलेला पिंजरा जीवघेणा ठरू शकतो. डासांसाठी धूरफवारणी होते, तिथले किडे पकडून खायला घालणेही धोक्याचे. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य जवळ आहे का, हेही आधीच पाहायला हवे.

अंग काळवंडले की पाहुणे 'रंग बदलला' म्हणून कौतुक करतात. अनेकदा ती थंडीची किंवा ताणाची खूण असते. ती ओळखायला वेळ नसेल, तर हा प्राणी घरी न आणणेच योग्य. आणि घोयरा रस्त्यावर किंवा आवारात दिसला, तर त्याला डब्यात न कोंडता वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे.