कळ छातीत, वाट कशाची?

पैंजणांसाठी देशभर ख्याती पावलेल्या हुपरीत चांदीचा कणही वाया जाऊ नये, म्हणून कारागीर डोळ्यांत तेल घालून जपत असतो. छातीत कळ आलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र घराघरांत ही दक्षता दिसत नाही. पित्त उसळले असेल, सोडा घ्यावा, छाती चोळावी आणि सकाळ होऊ द्यावी, हाच आपल्याकडील परिपाठ. तो प्राणघातक आहे, हे स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी बहुधा गुठळीने बंद होते आणि तिच्यावर विसंबलेला स्नायू मरू लागतो. ती वाट मोकळी करण्याचे उपाय दोन. पहिला अँजिओप्लास्टीचा. फुग्याच्या साहाय्याने रोहिणी रुंद करण्याची ही क्रिया आंद्रेआस ग्रुंटसिग यांनी १९७७ साली झुरिच येथे प्रथम केली. दुसरा, गुठळी विरघळविणाऱ्या इंजेक्शनचा. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी अ‍ॅस्पिरिन एकत्र दिल्याने मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांनी घटले. निदानानंतर दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार असेल, तर तीच श्रेयस्कर. एरवी, रक्तस्रावाचा धोका नसल्यास, इंजेक्शन तत्काळ देऊन रुग्णास पुढे न्यावे, असा आज वैद्यकाचा संकेत आहे.

हुपरीहून कोल्हापूर काही दूर नव्हे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. २०१७ साली केंद्राने स्टेंटच्या किमतींना लगाम घातला. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. मग घोडे अडते कोठे? आमच्या मते, पहिल्या तासातील निर्णयापाशी. मधुमेही व स्त्रिया यांच्यात तर कळ सौम्य असू शकते. नुसता घाम, दम वा जबड्यातील दुखणे एवढेच लक्षण दिसते, आणि दिरंगाईला निमित्त मिळते.

तथापि सारा दोष कुटुंबाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. ज्या पहिल्या दवाखान्याची पायरी रुग्ण चढतो, तेथे रात्रीही ईसीजी निघाला पाहिजे, तो वाचणारा तज्ज्ञ निदान दूरध्वनीवर तरी मिळाला पाहिजे आणि इंजेक्शन कपाटात असले पाहिजे. टोलेजंग रुग्णालयाच्या कोनशिलेपेक्षा ही मागणी लहान आहे. लोकप्रतिनिधींनी आधी ती पुरी करावी. गेलेला तास मात्र कोणतीही योजना परत आणून देणार नाही.