दाण्याचा हिशेब

गेल्या दिवाळीत अमेरिकेतील टेक्सास प्रांतातून आलेला भाचा आमच्या तळकोकणातील घराच्या माळ्यावर काही शोधत असताना त्याच्या हाती आजोबांचे दारू ठेवण्याचे जुने शिंग लागले. बंदूक केव्हाच सरकारजमा झाली होती. शिंग तेवढे राहून गेले. ते न्याहाळत तो म्हणाला, "मामा, आजोबा जे करत होते तेच मी तिकडे करतो. वापरलेली काडतुसे घरी पुन्हा भरतो. तुम्हीही इथे सुरू करा ना!" प्रश्न भाबडा होता, पण त्याचे उत्तर देता देता जे विचार मनात आले ते वाचकांपुढे मांडावेसे वाटतात, कारण शेतीचे राखण हा आपल्याकडे छंदाचा नव्हे, तर पोटाचा विषय आहे.

प्रथम ही विद्या काय आहे ते समजून घेऊ. काडतुसाचे घटक चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारी केप, आतली दारू आणि तोंडाशी बसणारी गोळी. बार झाला की केप, दारू आणि गोळी संपतात. पुंगळी मात्र शिल्लक राहते आणि सहसा तीच सर्वांत महाग असते. ती स्वच्छ करायची, चीर वा फुगवटा दिसल्यास निर्दयपणे फेकून द्यायची, साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, जुनी केप काढून नवी बसवायची, दारू तोलून भरायची, गोळी बसवायची आणि शेवटी लांबी मोजून पाहायची. हे सारे मध्यभागी केप असलेल्या काडतुसांनाच लागू पडते. नेमबाजीच्या सरावात वापरल्या जाणाऱ्या लहान 'पॉइंट टू टू' काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो; ते एकदा उडाले की संपले.

दारू तोलण्याचे माप 'ग्रेन', म्हणजे शब्दशः दाणा. आपल्या सोनाराकडे जशी गुंज, तसा तिकडे हा जवाचा दाणा. सात हजार दाण्यांचा एक पौंड होतो; एक दाणा सुमारे पासष्ट मिलिग्रॅमचा. एवढ्याशा वजनाची चूकही छोट्या काडतुसात महागात पडू शकते. म्हणून भाच्याने यंत्र घेण्याआधी पुस्तक घेतले, आणि पुस्तकाबरोबर एक जाणता गुरू शोधला. त्याचे नियम ऐकण्यासारखे आहेत. दारूच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकातील सर्वांत कमी प्रमाणापासून आरंभ करायचा, कमाल मर्यादा कधीही ओलांडायची नाही. मेजावर एका वेळी एकच प्रकारची दारू ठेवायची. वजनाचा काटा रोज तपासायचा. दारू भरलेल्या प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावून पाहायचे, कारण एकाच पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तर बंदूकच फुटते. दूरदर्शन बंद, भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत. डोळ्यांवर चष्मा हवा, शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय अन्नाला शिवायचे नाही आणि मुलांना त्या खोलीत प्रवेश नाही. प्रत्येक काडतुसाची नोंद वहीत. ज्याला ही वही कंटाळवाणी वाटते, त्याने या वाटेला जाऊ नये.

मला यात शस्त्राचे वेड दिसले नाही. दिसली ती शिस्त. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरण्यास केंद्रीय परवाना लागत नाही. विक्रीचा धंदा करायचा तर लागतो. युरोपीय वसाहतवाल्यांनी नेलेली पाळीव डुकरे रानटी होऊन टेक्सासमध्ये शेतीची नासाडी करतात, आणि २०१९ पासून तेथे जमीनमालकाच्या संमतीने खाजगी जमिनीवर त्यांची शिकार करण्यास शिकारीचा परवानाही लागत नाही. तेथे राहणाऱ्या आपल्या बांधवांनी तेथील कायदा पाळून हे शिकण्यात गैर काही नाही.

परंतु तिकडचे इकडे उचलून आणता येत नाही, आणि माझे म्हणणे नेमके हेच आहे. आपल्या शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळ्याच्या निर्मितीला परवाना लागतो. दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रेही याच कायद्याच्या व्याख्येत येतात. विनापरवाना निर्मितीस २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. 'घरच्या घरी चार काडतुसे भरली तर काय बिघडले' असे म्हणणाऱ्या तरुणाने हा आकडा आधी ध्यानात घ्यावा.

दुसरा धोका कायद्याचा नाही, पदार्थविज्ञानाचा आहे. आजोबांची ठासणीची बंदूक काळ्या दारूसाठी घडवलेली होती. आधुनिक काडतुसातील बिनधुराची दारू नळीत वेगळाच आणि फार मोठा दाब निर्माण करते. आमच्याच वाडीतील एका गृहस्थांनी, दारू मिळेना म्हणून, काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत भरली. नळी फाटली, डाव्या हाताची तीन बोटे गेली. त्या वर्षी भात डुकरांनी नेले ते नेलेच. पुढच्या वर्षी नांगर धरायला हातही उरला नाही.

हा माणूस गुन्हेगार नव्हता, अगतिक होता. रात्रभर माळ्यावर जागून डबा बडवणाऱ्या शेतकऱ्याचे पीक एका रात्रीत उद्ध्वस्त होते. त्याला सरळ मार्ग खुला नसेल तर तो वाकडा शोधतो. कोणी विजेची तार सोडतो, कोणी खाद्यात गावठी बॉम्ब लपवतो. २०२० च्या मे महिन्यात केरळातील पालक्काड जिल्ह्यात स्फोटक दडवलेल्या फळाने एका गाभण हत्तिणीचा बळी घेतला, तेव्हा साऱ्या देशाने हळहळ व्यक्त केली. जीवदयेचा विचार करणाऱ्यांनी हेही मान्य केले पाहिजे की, नियमांत राहून जबाबदार माणसाने झाडलेली गोळी या आंधळ्या सापळ्यांपेक्षा कमी क्रूर असते.

शेतकऱ्याकडे संशयाने पाहण्याची ही वृत्ती परकीय सत्तेची देणगी आहे. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याचे बंधन घातले आणि युरोपीयांना त्यातून वगळले. स्वतंत्र भारताच्या कायद्याने ती दृष्टी बदलली. १९५९ च्या अधिनियमातील कलम १३ सांगते की, नकाराची कायदेशीर कारणे नसतील, तर खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावयाचा आहे. मात्र बंदूक बाळगली म्हणजे वन्यप्राणी मारण्याची मुभा मिळत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्यासाठी वेगळी परवानगी लागते, आणि ती लागलीच पाहिजे. रानडुक्कर हाही आपल्या अरण्याचाच घटक आहे.

म्हणून मागणी 'आम्हाला घरी काडतुसे भरू द्या' ही नसावी. मागणी अशी असावी : परवानाधारक शेतकऱ्याला प्रमाणित दारू, केपा आणि काडतुसे तालुक्याच्या ठिकाणी हंगामाआधी मिळावीत. पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे. ज्या राज्यात ही परंपरा आहे तेथील शेतकऱ्याने दारूसाठी वणवण करावी हे शोभत नाही. नुकसानीचा पंचनामा आणि वनविभागाची परवानगी पीक उभे असतानाच हाती पडावी. आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची जी तरतूद केली आहे, ती गावोगाव प्रत्यक्षात उतरावी. या कामी अर्ज लिहून देणे, पाठपुरावा करणे, प्रशिक्षणाचे वर्ग भरवणे एवढे तरी आपल्या कार्यकर्त्यांना सहज करता येईल.

भाचा परत निघाला तेव्हा ते शिंग त्याने मागितले. मी दिले नाही. त्याऐवजी आजोबांची जुनी वही दाखवली. तिच्यात किती दारू आणली, किती बार झाले, किती शिल्लक राहिली, याचा परवान्याबरहुकूम हिशेब होता. शेवटच्या पानापर्यंत एकही खाडाखोड नाही. साधने काळाबरोबर बदलतात, देशाबरोबर कायदे बदलतात. दाण्यादाण्याचा हिशेब ठेवणारा माणूस मात्र दोन्हीकडे सारखाच लागतो. तो घडवणे हेच खरे काम आहे.