तळ्यातली बदकं आणि नानीचा नंबर

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना होस्टेलवर एका मित्राकडून मला जे. डी. सॅलिंजरची 'द कॅचर इन द राय' मिळाली. फुटपाथवरून घेतलेली, पानं सुटलेली प्रत होती. दोन रात्रींत वाचून काढली. १९५१ सालची ही कादंबरी. सोळा वर्षांचा होल्डन कॉलफिल्ड पाचपैकी चार विषयांत नापास झालाय, पेनसिल्व्हेनियातल्या निवासी शाळेने त्याला काढून टाकलंय आणि घरी पत्र पोहोचायच्या आत तो न्यूयॉर्कमध्ये एकटाच भटकतोय. मोठी माणसं त्याला ढोंगी वाटतात.

मला वाटलं, हा तर आपलाच माणूस! होस्टेलच्या आमच्या मजल्यावर माझ्यासारख्या नावाचा मी एकटाच होतो. टीव्हीवर एखादी बातमी आली की मेसमध्ये दोन-चार नजरा माझ्याकडे वळायच्या. घरी अब्बांना सांगावं तर उत्तर ठरलेलं, "तू अभ्यासात लक्ष दे." अशा वेळी 'सगळे ढोंगी आहेत' हे फार सोयीचं होतं. एकदा असं म्हटलं की कुणाशी बोलायची गरजच उरत नाही. पुढची दोन-तीन वर्षं मी अब्बांशी कामापुरतंच बोललो आणि त्याला बंडखोरी समजलो.

एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकली होती. होल्डन बड्या वकिलाचा मुलगा. ही त्याची चौथी शाळा. हॉटेलात राहायला, टॅक्सीने फिरायला त्याच्या खिशात पैसे आहेत. आपल्याकडे एक विषय राहिला तरी घरातल्यांचं, मोहल्ल्याचं आणि मुलाचंही तोंड उतरतं. नापास होऊन दुनियेला नावं ठेवणं आपल्यातल्या किती जणांना परवडतं?

यंदा पुस्तक पुन्हा हातात घेतलं ते भाच्यामुळे. बहिणीचा मुलगा अकरावीत नापास झाला. घरात बैठक बसली. चाचा बोलले, मोठे मामू बोलले. मग मी मार्कशीट हातात घेतली आणि एकेक विषय, एकेक आकडा मोठ्याने वाचला. मुलगा खाली बघत होता. मला वाटलं, मी मुद्द्याचं बोलतोय.

कादंबरीच्या सुरुवातीलाच इतिहासाचे म्हातारे शिक्षक, मिस्टर स्पेन्सर, नेमकं हेच करतात. निरोप घ्यायला आलेल्या होल्डनला समोर बसवून त्याचाच नापास झालेला पेपर त्याला वाचून दाखवतात. माणूस वाईट नाही, त्यांना पोराची काळजी आहे. पण ते वाचत असताना होल्डन तिथून मनाने कधीच निघून गेलेला असतो. एकोणिसाव्या वर्षी मी या प्रसंगाला हसलो होतो. यंदा हसू आलं नाही.

होल्डनचा मोठ्यांवर विश्वासच नाही, असं या पुस्तकाबद्दल सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. पुस्तकभर तो कुणाला ना कुणाला फोन करतोय, ओळखी-अनोळखी माणसांना 'जरा बसा ना' म्हणतोय. विश्वास नसलेला मुलगा असं करत नाही. आणि जिथे त्याचा विश्वास खरोखर तुटतो, ती जागा वाचक घाईने ओलांडून जातात.

मिस्टर अँटोलिनी हे त्याचे जुने शिक्षक. आधीच्या एका शाळेत छळाला कंटाळून एका मुलाने खिडकीतून उडी मारली, तेव्हा त्याच्यावर स्वतःचा कोट टाकून त्याला उचलून नेणारा हा एकटा माणूस होता. होल्डन रात्री त्यांच्याच घरी आसऱ्याला जातो. ते प्रेमाने समजावतात, सोफ्यावर झोपायला जागा देतात. मध्यरात्री त्याला जाग येते तर ते अंधारात बसून त्याच्या डोक्यावरून हात फिरवत असतात. तो घाबरून पळतो. नंतर त्याला वाटतं, आपलंच चुकलं असेल का? मोठ्या वयाचे वाचक इथे चटकन शिक्षकांची बाजू घेतात. पण त्याच ठिकाणी होल्डन आणखी एक गोष्ट सांगतो, की लहानपणापासून असले प्रकार आपल्या बाबतीत वीसेक वेळा झालेत. वीस वेळा! कुणी विचारलं होतं त्याला? त्या रात्री शिक्षकांच्या मनात काय होतं ते कादंबरी सांगत नाही. माझं मत विचाराल तर घाबरलेल्या मुलाचं पळणं मला बरोबर वाटतं. तुमच्यापैकी कुणी अशा वेळी पळाला असाल, तर वडीलधाऱ्यांचा अदब राहिला नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका.

या सगळ्याच्या मुळाशी एक मृत्यू आहे. होल्डनचा धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगाने जातो. त्या रात्री तेरा वर्षांचा होल्डन गॅरेजच्या काचा मुठीने फोडतो. आईवडिलांच्या डोक्यात येतं, याला मनोविश्लेषकाला दाखवावं. (आपल्याकडे भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'तही पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवीने जाते आणि त्याच्या आतलं काहीतरी कायमचं मोडतं.) होल्डन कुणालाच सरळ काही विचारत नाही. तो टॅक्सीवाल्यांना विचारतो, सेंट्रल पार्कचं तळं गोठलं की तिथली बदकं जातात कुठे? एकाला ती थट्टा वाटते. दुसरा चिडतो आणि बदकं सोडून माशांबद्दल बोलत सुटतो, बर्फात ते कसे जगतात वगैरे.

हे वाचताना मी थांबलो. गेल्या वर्षी अम्मी गेली. त्यानंतर काही दिवसांनी भाच्याने मला विचारलं होतं, "मामू, नानीचा नंबर आता कुणाला मिळणार?" मी सॉफ्टवेअरवाला. मी त्याला सांगितलं की बंद झालेला नंबर किमान नव्वद दिवस कुणाला देत नाहीत, मग तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. सगळं अगदी बरोबर सांगितलं. तो "अच्छा" म्हणाला आणि आत गेला. अकरावीचं वर्ष तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं.

गेल्या रविवारी त्याच्या खोलीत गेलो. मार्कांचा विषय काढला नाही. विचारलं, "नानीला फोन करायचास का रे तू?"

"दर जुम्म्याला. क्लासवरून येताना."

मला हे माहीतच नव्हतं. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, आपण रिचार्ज मारत राहिलो असतो तर नंबर राहिला असता का?

राहिला असता. मी हो म्हणालो.