मोगऱ्याची छाटणी

भगिनींनो, आपल्या केडगावात अंगणातला मोगरा माजला, फुलेना झाला, की तो उपटायची भाषा सुरू होते. आम्ही म्हणतो, आधी एक हिवाळा थांबा. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. जुन्या काड्या राखल्या तर नुसता पाला वाढतो.

डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा. महिनाअखेरीस जमिनीपासून दीड फुटावर छाटावे. वाळक्या, रोगट, गुंतलेल्या फांद्या बुडापासून काढाव्यात. कात्री धारदार असावी. काप डोळ्याच्या वर, तिरपा घ्यावा. मग आळे खणून शेणखत घालावे, पाणी सुरू करावे. मार्चपासून कळ्या धरतात. मात्र कळ्या लागल्यावर छाटू नये. आलेला बहर हातचा जातो.