पथनाट्य, पोस्टर आणि क्ष

गेल्या शनिवारी सकाळी सकाळी भाच्याचा फोन. सुट्टीच्या दिवशी हा पोरगा दहाच्या आत उठत नाही, त्यामुळे आधी पोटात गोळाच आला. पण प्रकरण वेगळंच होतं.

"मामा, मला कॉलेजच्या रेड रिबन क्लबमध्ये घेतलंय. पिअर एज्युकेटर! एक डिसेंबरला कार्यक्रम आहे. तू एक क्विझचं अ‍ॅप करून दे ना. तुझ्यासाठी दोन तासांचं काम आहे."

(दोन तासांचं काम! आमच्या धंद्यात ज्याला कोणी दोन तासांचं काम म्हणतं, ते दोन महिने पुरतं. असो.)

"बघतो" म्हणून फोन ठेवला. चहा केला. लॅपटॉप काही उघडला नाही, नुसताच गॅलरीत बसून राहिलो. कारण मीही एकेकाळी पिअर एज्युकेटर होतो. आणि अगदी कुचकामी होतो.

सांगतो. २००१ साल. एका जिल्ह्याच्या गावाबाहेरचं इंजिनिअरिंग कॉलेज, मी थर्ड इयरला. एनएसएसमध्ये नाव घातलं होतं, त्याचं खरं कारण ग्रेस मार्क. एनएसएसने १९९१ मध्ये कॉलेजांतून एड्सबद्दल बोलायचा कार्यक्रम सुरू केला होता, आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षणही त्याच धर्तीचं. लागण कशी होते, कशी होत नाही, डास चावून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही... सगळं पाठ. शेवटी सर्टिफिकेट. मग आम्ही पथनाट्य बसवलं. माझा आवाज मोठा, म्हणून मला यमाचं काम! एसटी स्टँडवर केलं, बाजारात केलं, एकदा तर सिव्हिल हॉस्पिटलच्या फाटकापाशी केलं. फोटो निघाले, स्थानिक पेपरात छापून आले. आम्ही जाम खूश.

आणि एका रात्री होस्टेलवर, सबमिशनच्या आदल्या दिवशी, शेजारच्या खोलीतला एक मुलगा आला. नाव नको, क्ष म्हणू. दारातच उभा. म्हणाला, "अरे, तुझ्या त्या नाटकातलं... समजा एखाद्याने एकदाच काही केलं, तर होतो का रे?"

मी फायली उतरवत होतो. वर न बघताच यमाच्या आवाजात म्हणालो, "एकदाही पुरतं बालका! आणि झाला की संपलं." खोलीतले सगळे हसले. क्ष पण हसला. "बरं" म्हणाला आणि गेला.

त्या सेमिस्टरला क्ष दोन पेपरांना बसलाच नाही. वायडी झाला. आम्हाला वाटलं, पोरगा वाया गेला. पुढे दोन-तीन वर्षांनी पुण्यात अचानक भेटला. टपरीवर चहा पिताना त्यानेच विषय काढला. आठ महिने तो मरणार आहे असं धरून चालला होता. वजन कमी झालं की वाटायचं, आलंच. घरी सांगायची सोय नव्हती. शेवटी कुणाला न सांगता तपासणी करून आला. निगेटिव्ह. तिथल्या समुपदेशकाने त्याच्याशी वीस मिनिटं नीट बोलून सगळं समजावलं म्हणे. आणि ही तपासणी कुठे झाली, तर आमच्याच सिव्हिल हॉस्पिटलमध्ये. ज्याच्या फाटकाबाहेर मी यम होऊन ओरडत होतो, त्याच्याच आत. फुकट.

"तू फक्त एवढं सांगितलं असतंस ना, की टेस्ट कुठे होते..." एवढंच म्हणाला. रागावला नव्हता, तेच जास्त लागलं.

मला ते केंद्र माहीतच नव्हतं हो! दोन दिवसांच्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

तर माझा मुद्दा असा, की कॉलेजातल्या या मुलामुलींकडून आपण चुकीचं काम करून घेतो. त्यांना आपण छोटे प्राध्यापक बनवतो. भाषण करा, पोस्टर लावा, रॅली काढा. मग अहवालात लिहायला सोपं जातं: अमुक कार्यक्रम, तमुक उपस्थिती. पण रात्री एक वाजता दारात उभं राहून "समजा एखाद्याने" असं विचारणारा क्ष कुठल्याच अहवालात येत नाही. आणि तो प्राध्यापकांकडे जाणार नसतो, डॉक्टरकडे तर नाहीच. तो शेजारच्या खोलीत जातो. पिअर एज्युकेटरची खरी गरज तिथे असते.

नुसती माहिती वाटून फार काही होत नाही, हे माझं एकट्याचं मत नाही. इंग्लंडमध्ये सत्तावीस शाळांतल्या आठ हजारांहून जास्त मुलामुलींवर एक मोठा अभ्यास झाला. अर्ध्या शाळांत नेहमीप्रमाणे शिक्षकांनी लैंगिक शिक्षण दिलं, बाकीच्यांत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी. २००४ साली निष्कर्ष आले, मुलांना आपल्या वयाच्या मास्तरांचे तास जास्त आवडले होते. पण २००८ मध्ये पुढचा हिशोब छापून आला तेव्हा गर्भपातांच्या प्रमाणात दोन्हीकडे फरक नव्हता. म्हणजे तास आवडला, पण पुढच्या आयुष्यात हवा तेवढा फरक पडला नाही. शाळा आणि कॉलेज वेगळं, इंग्लंड आणि आपण वेगळे, कबूल. पण विचार करण्यासारखं आहे.

लोकांना भाषण नको असतं, आपल्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं. आपल्याकडे र. धों. कर्व्यांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. (गणिताचे प्राध्यापक बरं का, म्हणजे आपल्यातलेच!) १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं. त्यात वाचक नको नको ते प्रश्न विचारत आणि ते सरळ उत्तरं देत. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला चालला, तो अशा उत्तरांवरूनच. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, पण मासिक १९५३ पर्यंत चाललं.

आता तुम्ही म्हणाल, हल्लीची पोरं गूगलला विचारतात, एआयला विचारतात, शेजारच्या खोलीत कोण जातंय? विचारतात ना. पण क्षची अडचण फक्त माहितीची नव्हती. तो घाबरला होता. त्याला बरोबर सिव्हिलपर्यंत येणारं कुणीतरी हवं होतं. ते काम मोबाइल करत नाही.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. कॉलेजने पगारी समुपदेशक नेमायचा सोडून हे फुकटात पोरांच्या गळ्यात का मारायचं? शंभर टक्के मान्य. आमच्याकडे सपोर्टला पहिल्या पायरीवर जो बसतो, त्याने कोड दुरुस्त करायचा नसतो. त्याने नीट ऐकून घ्यायचं, लिहून घ्यायचं, योग्य माणसाकडे पोचवायचं आणि तिथे उत्तर मिळालं का ते बघायचं. पण त्याच्या मागे दुसरी पायरीच नसेल, तर तो बिचारा काय करणार? म्हणून या मुलांच्या मागे फोन उचलणारा एखादा डॉक्टर आणि समुपदेशक असलाच पाहिजे. नाहीतर कोणी येऊन "जगावंसं वाटत नाही" म्हणालं, तर एकोणीस वर्षांच्या पोराने ते ओझं एकट्याने वाहायचं का? अशा वेळी द्यायला टेलिमानसचा १४४१६ तरी त्याला पाठ हवा, आणि त्या मित्राला एकटं सोडायचं नाही, एवढं कळलेलं हवं.

संध्याकाळी भाच्याला फोन केला. म्हटलं, अ‍ॅप करून देतो, पण आधी चार गोष्टी. एक, ऐकताना हसायचं नाही, उपदेश करायचा नाही. दोन, ऐकलेलं खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदाच आहे, संमतीशिवाय चाचणी नाही आणि गुप्तता राखायची. तीन, "मला माहीत नाही, विचारून सांगतो" हे लाज न वाटता म्हणायला शिकायचं. पण काही उत्तरं तोंडपाठ हवीत. १०९७ ही एड्सची हेल्पलाइन. लागण टाळायची औषधं ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी बरी, सुरू करावी लागतात, म्हणून "उद्या बघू" म्हणायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा. लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली तरी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. आणि झाला की संपलं, हे खोटं आहे. सरकारी एआरटी औषधं २००४ पासून मोफत मिळतात आणि ती नियमित घेणारी माणसं छान जगतात.

"आणि चौथी?"

"सरकारी दवाखान्यातलं तपासणी केंद्र स्वतः जाऊन बघून ये. कुठलं दार, किती वाजता, कोण बसतं."

"मामा, तू पण ना..." असं म्हणून त्याने फोन ठेवला. मला वाटलं, गेलं बारगळून.

परवा मेसेज आला. मित्राला घेऊन जाऊन आला होता. केंद्र मागच्या इमारतीत आहे, समोरून पाटी दिसतच नाही, दोघं वीस मिनिटं शोधत फिरले. आता पोस्टरवर घोषणा नको, जायचा रस्ता आणि वेळ छापू म्हणतोय.

अ‍ॅपचं तो विसरलाय बहुतेक. मीही आठवण करून दिलेली नाही.