ठिबक तुमचे, मग खत दुकानदाराच्या मर्जीचे का?



कापूस-ज्वारीच्या रानात विहिरीला थोडे पाणी लागले की एकरभर मिरची लावायची आणि तिला ठिबक करायचे, हे आता जिंतूर, पाथरी, मानवत सगळीकडे दिसते. नळ्या पसरल्या की दुकानदार सांगतो, "ठिबकमधून साधे खत चालत नाही. विद्राव्यच न्या." हे अर्धसत्य आहे आणि त्याची पूर्ण किंमत तुम्ही मोजता.

हिशेब मांडू. ओलिताच्या मिरचीला हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद आणि 50 किलो पालाश ही रूढ शिफारस. म्हणजे एकरी 40, 20 आणि 20. युरियात 46 टक्के नत्र असते. 45 किलोच्या दोन गोण्यांत एकराचे नत्र भागते. गोणी 266 रुपये 50 पैशांची, खर्च 533 रुपये. हेच नत्र 19:19:19 मधून द्यायचे तर 25 किलोच्या साडेआठ बॅगा लागतात. शिवाय स्फुरद आणि पालाश गरजेच्या दुप्पट पडते. एका बॅगेचा भाव दुकानात विचारा आणि गुणाकार घरी करा.

युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो. पांढरा पोटॅशही विरघळतो. लाल घेऊ नका, त्याचा गाळ तोट्या बुजवतो. सुपर विरघळत नाही, म्हणून ते अडीच गोण्या लागवडीआधी शेणखतासोबत मातीत द्या. मग दर आठवड्याला साडेपाच किलो युरिया, असे सोळा हप्ते. फुलोऱ्यापासून त्यात थोडा थोडा करून 33 किलो पोटॅश. द्रावण फडक्याने गाळा. आधी साधे पाणी, मग खत, शेवटी पुन्हा साधे पाणी सोडा. जमीन खारवट असेल तर मात्र सल्फेटचे विद्राव्य पोटॅश घ्या. तेथे त्याला पैसे मोजणे रास्त आहे.

ठिबकचा खरा फायदा हाच. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत वर फेकलेल्या युरियातले नत्र हवेत उडते, मोकाट पाण्याबरोबर खाली जाते. थोडे थोडे मुळाशी दिले तर ते पिकाला मिळते. ही अक्कल शेतकऱ्याच्या कामाची आहे, ती बॅगेत भरून विकता येत नाही.

आणि सरकार? अल्पभूधारकाच्या ठिबकला 80 टक्के अनुदान जाहीर करते, पण त्यातून खत कसे द्यावे हे सांगायला बांधावर कोणी येत नाही. ती जागा विक्रेत्याने घेतली. युरियाची गोणी हवी तर सोबत विद्राव्याची बॅग घ्याच, अशी सक्ती होते तेव्हा ती शेतकऱ्याची उघड लूट आहे.

आम्ही आणखी अनुदान मागत नाही. आमची मागणी एवढीच: प्रत्येक बॅगेवर एक किलो नत्र, स्फुरद, पालाश कितीला पडते ते छापा आणि जोडखताची सक्ती करणाऱ्याचा परवाना रद्द करा.

खत नियंत्रण आदेश 1985 प्रमाणे पक्के बिल देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ते मागून घ्या. जिल्हा बैठकीला येताना या हंगामाची सगळी बिले आणा. तक्रार तोंडी नको, कागदावर करू.